वजन उचलल्यावर स्नायूच्या पेशीत नेमके काय घडते?

प्रश्न असा आहे. प्रश्नकर्त्या ५६ वर्षांच्या आहेत आणि गेल्या अडीच महिन्यांपासून आठवड्यातून तीन दिवस घराजवळच्या व्यायामशाळेत वजनांचा व्यायाम करत आहेत. सुरुवातीला २ किलोचा डंबेल जड जात होता, आता ५ किलोचा उचलता येतो. पण दंडाचा घेर टेपने मोजला तर आधी ३० सेंटीमीटर होता आणि आजही तेवढाच आहे. तेथील प्रशिक्षक सांगतात की वजनाने स्नायूंच्या पेशी फाटतात आणि त्या जागी नव्या, जास्त पेशी तयार होतात, त्यामुळे अंग दुखले नाही तर व्यायाम अंगी लागलाच नाही असे समजावे. घरी मुलगा म्हणतो की व्यायाम सोडला की याच स्नायूंची चरबी होते. त्यातच पुढच्या महिन्यात त्यांना दोन महिन्यांसाठी परदेशी मुलीकडे जायचे आहे, आणि केलेले सगळे वाया जाईल की काय अशी धास्ती वाटते आहे.

मी चोवीस वर्षे फिजिओथेरपीचा व्यवसाय करतो आहे आणि त्याआधीची काही वर्षे कोल्हापूरकडच्या एका तालमीत जोर-बैठका काढण्यात गेली आहेत, त्यामुळे वरील सगळी विधाने मी दोन्ही बाजूंनी ऐकलेली आहेत. थोडक्यात उत्तर असे की व्यायामाने स्नायूंच्या पेशींची संख्या वाढते याला माणसांत भक्कम पुरावा नाही. जी पेशी आहे तीच जाड होते. पेशी फाटावी म्हणून वजन उचलायचे नसते. स्नायूची चरबी होत नाही. आणि आपल्या दंडात बदल झालेला आहे, फक्त तो टेपला दिसण्याजोगा नाही. हे असे का, ते समजून घ्यायचे तर पेशीच्या आत जावे लागते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पेशी म्हटले की शाळेच्या पुस्तकातली वाटोळी, मध्ये एक केंद्रक असलेली आकृती डोळ्यांपुढे येते. स्नायूची पेशी तशी नसते. ती धाग्यासारखी लांब असते, म्हणूनच तिला स्नायुतंतू म्हणतात. तिची जाडी साधारणपणे केसाइतकी किंवा त्याहून कमी, पण लांबी कित्येक सेंटीमीटर असू शकते. मटण खाणाऱ्यांना शिजलेल्या तुकड्यातून जो धागा बोटांनी सोलून काढता येतो, तो एक तंतू नसून अनेक तंतूंची जुडी असते. आईच्या पोटात असतानाच असंख्य लहान पेशी एकमेकींत विलीन होऊन असा एकेक तंतू बनतो, त्यामुळे एका तंतूत एक नव्हे तर शेकडो केंद्रके असतात आणि ती तंतूच्या आवरणाला आतून चिकटून ओळीने बसलेली असतात. ही केंद्रकांची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

तंतूच्या आत सुमारे एक मायक्रोमीटर जाडीचे दोर एकमेकांना समांतर खच्चून भरलेले असतात, आणि प्रत्येक दोर सार्कोमिअर नावाच्या, जेमतेम अडीच मायक्रोमीटर लांबीच्या कप्प्यांची माळ असतो. या कप्प्यात मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे बारीक धागे असतात. स्नायू आखडतो तेव्हा हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगळ्या गटांनी हे मांडले: एकीकडे अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के, दुसरीकडे ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्सलींचे एकमेकांशी कसलेही नाते नव्हते, आणि त्यामुळे विद्यार्थ्यांचा आजही परीक्षेत गोंधळ होतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की शेजारी-शेजारी जितके दोर जास्त, तितकी ओढ जास्त. वजनाच्या व्यायामाने तंतू जाड होतो याचा मुख्य अर्थ त्याच्या आत असे नवे समांतर दोर भरले जातात.

तंतूंची संख्या का वाढत नाही असे विचाराल, तर त्याची मोजणी झालेली आहे. १९८४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी शरीरसौष्ठवपटूंच्या आणि व्यायाम न करणाऱ्या पुरुषांच्या दंडाच्या पुढच्या स्नायूत, म्हणजे आपण फुगवून दाखवतो त्या बेडकीत, किती तंतू आहेत याचा अंदाज काढला. माणसागणिक आकडा सुमारे १ लाख ७२ हजारांपासून ४ लाख १९ हजारांपर्यंत निघाला, इतका प्रचंड फरक जन्मजात असतो. पण व्यायाम करणाऱ्यांचा गट आणि न करणाऱ्यांचा गट यांच्या सरासरीत म्हणावा असा फरक आढळला नाही. पक्ष्यांच्या पंखाला दिवसचे दिवस वजन लटकावून ठेवले तर तंतू वाढतात असे प्रयोगांत दिसले आहे, परंतु आपण कोणी चोवीस तास दंडाला पोते बांधून फिरत नाही.

आता ताकद वाढून घेर का वाढला नाही, याकडे येतो. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत जी ताकद वाढते तिचा मोठा हिस्सा स्नायूत नव्हे, मज्जासंस्थेत तयार होतो. पाठीच्या कण्यातली एक चेतापेशी स्नायूतल्या काही तंतूंना, कधी दहा-वीस तर कधी हजाराहून अधिक तंतूंना, एकत्र हुकूम देते. ज्याने वजन कधी उचललेलेच नाही त्याच्या शरीराला या सगळ्या तुकड्या एकाच वेळी, पुरेशा वेगाने कामाला लावायची सवय नसते. शिवाय कोपर वाकवताना मागचा स्नायूही घाबरून उलटा ताण देत राहतो. नव्या माणसाचा हात डंबेल उचलताना थरथरतो तो याच गोंधळामुळे. सरावाने हुकूम नीट पोहोचू लागतात, उलटा ताण कमी होतो आणि तेवढ्याच स्नायूतून जास्त काम निघते. १९७९ मध्ये मोरितानी आणि डीव्हरिस यांनी आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणात ही वाटणी मोजून दाखवली. याहून जुना पुरावा तर गमतीदार आहे: एकाच हाताला व्यायाम दिला तरी दुसऱ्या, स्वस्थ बसलेल्या हाताची ताकदही थोडी वाढते, हे अमेरिकेत येल विद्यापीठात १८९४ मध्येच नोंदवले गेले होते. एका हाताला प्लास्टर असलेल्या रुग्णाला मी दुसऱ्या हाताने रबरी पट्टा ओढायला सांगतो तेव्हा नातेवाईक माझ्याकडे संशयाने पाहतात, पण त्यामागे हेच कारण असते.

तरीही अडीच महिन्यांत आपला स्नायू अजिबात वाढला नसेल असे मला वाटत नाही. टेपचा हिशेब करून पाहू. ३० सेंटीमीटर घेर म्हणजे दंडाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७१.६ चौरस सेंटीमीटर. त्यातला निम्मा भाग स्नायू धरला आणि तो ८ टक्क्यांनी वाढला असे मानले, तर भर पडते जेमतेम २.९ चौरस सेंटीमीटरची आणि घेर होतो ३०.६. म्हणजे ही चांगली म्हणावी अशी वाढसुद्धा टेपवर सहा मिलिमीटर दिसणार, आणि टेप जरा सैल-घट्ट धरली तर तेवढा फरक तसाही पडतो. त्यात व्यायामाने त्वचेखालची तितकीच चरबी कमी झाली असेल, तर टेप ३० वरच थांबणार. आपल्या बाबतीत बहुधा हेच झाले आहे.

तंतू जाड व्हायचे कसे ठरवतो, हा या विषयाचा गाभा आहे. मुख्य निरोप ताणाचा असतो. तंतूच्या आवरणावर आणि सार्कोमिअरच्या जोडांवर अशी प्रथिने बसलेली आहेत की त्यांच्यावर ओढ पडली की त्यांचा आकार बदलतो आणि त्यातून रासायनिक निरोपांची साखळी सुरू होते. टायटिन हे आजवर माहीत असलेले सर्वांत मोठे प्रथिन याच कप्प्यात स्प्रिंगसारखे ताणलेले असते आणि तेही या कामात सहभागी असावे असे मानले जाते. ही साखळी एमटॉर नावाच्या एका प्रथिनापाशी येऊन मिळते. पेशीत बांधकाम सुरू करायचे की थांबवायचे हे ठरवणारा हा मुकादम म्हणावा. अन्नातून प्रथिने आली, विशेषतः त्यांतले ल्युसिन हे अमिनो आम्ल आले, तर तो निरोपही याच मुकादमाकडे जातो.

एमटॉरच्या नावाची कथा इथे सांगण्याजोगी आहे. १९६४ मध्ये कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि तिथल्या मातीचे नमुने घेऊन आली. मॉन्ट्रियलच्या एका औषधी प्रयोगशाळेत सुरेन सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मातीतल्या जिवाणूंपासून एक बुरशीनाशक द्रव्य वेगळे केले आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. बेटाचे स्थानिक नाव रापा नुई, म्हणून द्रव्याचे नाव रापामायसिन. पुढे प्रयोगशाळा बंद व्हायची वेळ आली तेव्हा सेहगलांनी हे जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. हे द्रव्य पेशीत ज्या प्रथिनाला जाऊन अडवते ते म्हणजे एमटॉर. त्या लघुनावातले शेवटचे अक्षरच रापामायसिनचे आहे. आणि २००९ मध्ये काही तरुणांना रापामायसिनची मात्रा देऊन मग वजनांचा व्यायाम करायला लावले, तेव्हा व्यायामानंतर स्नायूत प्रथिने बनवण्याचा वेग जो एरवी वाढतो, तो वाढलाच नाही. वजन तेच, घाम तोच; फक्त मुकादम बांधून ठेवला होता. निव्वळ घामाने स्नायू होत नाही हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

मुकादमाने इशारा दिला की रायबोझोम, म्हणजे प्रथिने विणणारे पेशीतले माग, जोराने चालू लागतात आणि काही आठवड्यांत मागांची संख्याही वाढते. मात्र स्नायू ही कायमची बांधून ठेवलेली भिंत नाही; तिथे रोज थोडे पाडले जाते आणि थोडे बांधले जाते. १९९७ मध्ये फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी मोजले तेव्हा वजनांच्या एका सत्रानंतर तीन तासांनी बांधकामाचा वेग विश्रांतीपेक्षा ११२ टक्क्यांनी, चोवीस तासांनी ६५ टक्क्यांनी आणि अठ्ठेचाळीस तासांनी ३४ टक्क्यांनी वाढलेला होता. पाडकामही वाढले होते, पण बरेच कमी: तीन तासांनी ३१ टक्के, आणि दोन दिवसांनी ते पूर्ववत झाले. हे मोजमाप उपाशीपोटी केलेले होते, आणि उपाशीपोटी जमाखर्च तुटीतच राहतो. व्यायामाने तूट कमी होते, पण शिल्लक पडायला जेवणच लागते. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, ही आपली घडी या आकड्यांशी नीट जुळते. रोज त्याच स्नायूला पिळून काढण्याने या वयात विशेष जास्त मिळत नाही.

आता फाटण्याबद्दल. मराठीत व्यायामानंतर अंग आंबले असे म्हणतात, आणि हा शब्द इतका चपखल आहे की स्नायूत आम्ल साचले, लॅक्टिक ॲसिडने दुखते, हे स्पष्टीकरण ऐकल्याबरोबर पटते. ते चुकीचे आहे. लॅक्टेट व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातून जवळजवळ निघून जाते. दुखणे मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्तीत जास्त असते. खरे कारण असे की स्नायू ताणला जात असताना जोर लावावा लागला, उदाहरणार्थ वजन सावकाश खाली घेताना, बैठकीत खाली जाताना किंवा गड उतरताना, तर काही सार्कोमिअर विस्कटतात, सूज येते आणि तिथल्या मज्जातंतूंची टोके हळवी होतात. गड चढताना दमछाक होते पण पोटऱ्या-मांड्या दुसऱ्या दिवशी दुखतात त्या उतरल्यामुळे, हा अनुभव आपणही घेतला असेल. तोच व्यायाम दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा केला तर दुखणे कितीतरी कमी होते, कारण स्नायू स्वतःला सावरून घ्यायला शिकतो.

म्हणून दुखणे हे नवेपणाचे माप आहे, वाढीचे नव्हे. २०१६ मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी तरुणांना दहा आठवडे प्रशिक्षण देऊन पहिल्या सत्रानंतर, तिसऱ्या आठवड्यात आणि शेवटी स्नायूतले प्रथिनांचे बांधकाम मोजले. पहिल्या सत्रानंतर बांधकाम सर्वांत जास्त होते, इजाही सर्वांत जास्त होती, पण त्या बांधकामाचा अखेरच्या वाढीशी काहीच मेळ बसला नाही. ते सगळे डागडुजीत खर्ची पडले होते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत इजा कमी झाली, आणि त्यापुढचे बांधकाम मात्र वाढीशी जुळले. ज्याचे घर रोज गळते त्याचे गवंडी गळतीच बुजवत राहतात, मजला चढत नाही.

याची दुसरी टोकाची बाजू मी पाहिलेली आहे. एका यात्रेआधी एकोणीस वर्षांच्या एका मुलाने तालमीत पैज लावून, सहा महिन्यांच्या खंडानंतर, एका बैठकीत पाचशे बैठका काढल्या. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येईना, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. वस्ताद शहाणे, त्यांनी मालीश करायला नकार देऊन त्याला थेट डॉक्टरांकडे पाठवले. मांड्यांचे तंतू इतके फुटले होते की त्यांतला मायोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकू लागला होता; रक्तातले क्रिएटिन कायनेज हे प्रथिन नेहमीच्या कित्येक पट वाढले होते. चार दिवस सलाइन लावून मूत्रपिंडे वाचली. फाटण्याने वाढ होत असती तर त्या मुलाच्या मांड्या गावात सर्वांत मोठ्या व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या महिनाभर सुकलेल्या होत्या. आपल्यालाही कधी दुखण्यासोबत लघवीचा रंग बदललेला दिसला तर विश्रांतीवर न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असेल तर तेही सांगावे.

फाटलेला तंतू दुरुस्त कोण करते? १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो बेडकाच्या स्नायूचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. (दंडातल्या फुगवट्याला आपण बेडकी का म्हणतो ते ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा, त्यामुळे हा योगायोग मला आवडतो.) तंतूचे आवरण आणि त्यावरची बाह्य अस्तराची पातळ चादर यांच्या फटीत त्यांना लहान, निद्रिस्त पेशी दिसल्या. त्यांना सॅटेलाइट पेशी हे नाव मिळाले. एरवी त्या काहीच करत नाहीत. तंतूवर ताण आला किंवा इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागून वाढतात आणि त्यांतल्या काही तंतूत विलीन होऊन आपले केंद्रक त्याला देऊन टाकतात; उरलेल्या पुन्हा झोपतात, म्हणजे साठा संपत नाही. प्रशिक्षक म्हणतात त्या "नव्या पेशी" असतीलच तर त्या या, पण त्या वेगळा तंतू म्हणून उभ्या राहत नाहीत, जुन्यातच मिसळतात.

केंद्रकांची भर का लागते, याचे कारण व्यवहारी आहे. एक केंद्रक आपल्याभोवतीच्या ठराविक प्रदेशापुरतीच प्रथिनांची कृती पुरवू शकते. तंतू थोडा जाड झाला तर असलेली केंद्रके काम ओढून नेतात. बराच जाड झाला तर नवी लागतात. २०१० मध्ये नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी जिवंत उंदरांच्या स्नायूत पाहिले की भार वाढवल्यावर तंतू जाड होण्याच्या आधीच केंद्रकांची संख्या वाढते, आणि पुढे तंतू पुन्हा बारीक झाला तरी ती जादा केंद्रके टिकून राहतात. माणसात हे इतक्या स्वच्छपणे सिद्ध झालेले नाही आणि त्यावर वाद चालू आहे. पण ज्याने पूर्वी अंग कमावले आहे त्याचे अंग दुसऱ्यांदा लवकर भरते, हे कोणत्याही तालमीतले वस्ताद सांगतील आणि माझा अनुभवही तसाच आहे.

तंतूंचे प्रकारही थोडे बदलतात, ते चटकन सांगतो. सावकाश आखडणारे पण न दमणारे तंतू आणि झटक्यात आखडणारे पण लवकर दमणारे तंतू असे दोन मुख्य गट आहेत. व्यायामाने झटक्याच्या गटातले अगदीच आळशी तंतू जरा जास्त दमदार उपप्रकारात जातात. सावकाश तंतूंचे झटक्याचे तंतू होतात, किंवा उलट, असे सहसा घडत नाही.

वयाचा मुद्दा यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण वयानुसार जो ऱ्हास होतो तो या झटक्याच्या तंतूंवरच जास्त येतो. स्वीडनमधल्या लेक्सेल आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मृत व्यक्तींच्या मांडीच्या बाहेरच्या स्नायूचे पूर्ण छेद तपासले. विशीपासून ऐंशीपर्यंत त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी घटते असे दिसले, काही तंतू बारीक झाल्यामुळे आणि बरेचसे नाहीसेच झाल्यामुळे. नाहीसे झालेले तंतू व्यायामाने परत येत नाहीत. राहिलेले मात्र कोणत्याही वयात प्रतिसाद देतात. १९९० मध्ये बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा जड व्यायाम दिला. जे नऊ जण शेवटपर्यंत टिकले त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या स्नायूचे क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी. १७४ आणि ९ या दोन आकड्यांतली दरी पाहिली की आपल्या डंबेलचे आणि टेपचे कोडे तिथेही तेच आहे हे दिसते. स्त्रियांच्या बाबतीत टक्केवारीतली वाढ पुरुषांच्या बरोबरीचीच असते, त्यामुळे "बायकांचे अंग भरत नाही" हेही खरे नाही. मुळात तंतू बारीक असतात म्हणून ते पुरुषांइतके दिसत नाही एवढेच.

मुलाच्या म्हणण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. स्नायुतंतू आणि चरबीची पेशी ही दोन वेगळी घराणी आहेत, एकीचे रूपांतर दुसरीत होत नाही. व्यायाम थांबतो तेव्हा पाडकाम बांधकामापेक्षा पुढे जाते आणि तंतू बारीक होतो. खुराक मात्र बहुतेकांचा पूर्वीचाच राहतो, त्यामुळे जादा ऊर्जा चरबीच्या पेशींत साठते. कुस्ती सोडलेल्या पैलवानाचे पोट सुटलेले आपण पाहतो ते असे. उलट स्नायू टिकवण्याचा आणखी एक लाभ या वयात सांगितला पाहिजे: जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्याचे सर्वांत मोठे काम स्नायू करतो, आणि स्नायू आखडत असताना साखर आत घेणारी त्याची दारे इन्शुलिनची वाट न पाहता उघडतात. आपल्याला मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर व्यायामाच्या दिवशी साखर खाली जाऊ शकते, त्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलून ठेवावे.

प्रथिनांच्या बाबतीत २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिने वाढवून स्नायूत आणखी भर पडत नाही असे आढळले. ६० किलो वजनाला ते ९६ ग्रॅम होतात. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात आठ, अंड्यात सहा. शाकाहारी घरात हा आकडा गाठणे कठीण जाते. मी साधारणतः ७० ग्रॅमपासून सुरुवात करायला सांगतो, म्हणजे दोन्ही जेवणांत घट्ट वरण किंवा उसळ, एक वेळ पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या, आणि सकाळच्या पोह्यांसोबत दूध किंवा दही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हा सल्ला लागू नाही.

राहिला दोन महिन्यांच्या प्रवासाचा प्रश्न. पूर्ण अंथरुणावर पडून राहिल्यास किंवा पाय प्लास्टरमध्ये असल्यास पाच दिवसांतही स्नायूत मोजता येण्याजोगी घट होते. पण आपण हिंडत-फिरत राहणार आहात, त्यामुळे तेवढी घाई नाही. कमावलेले टिकवायला कमावताना लागले त्यापेक्षा कितीतरी कमी काम पुरते. तरुणांमध्ये आठवड्यातून एक सत्रही आकार टिकवते; साठीच्या आसपास ताकद टिकते पण आकारासाठी थोडे जास्त लागते, म्हणून आपण आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटे ठेवावीत. डंबेल विमानातून न्यायची गरज नाही. वजन हलके असले तरी उचलणे जवळजवळ अशक्य होईपर्यंत आवर्तने केली तर तंतूंची वाढ जड वजनासारखीच होते, हे एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या ३० टक्के आणि ८० टक्के भारांची तुलना करून दाखवले गेले आहे. जड उचलण्याची ताकद मात्र जड वजनानेच जास्त येते. बॅगेत दोन रबरी पट्टे न्यावेत. मुलीच्या घरी हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, खाली बसताना तीन आकडे मोजत. ओट्याला हात टेकून तिरके जोर. पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून पायरीवर चढणे-उतरणे, आणि पट्ट्याने दंडाचा व्यायाम, एवढे पुरे. जाण्याआधी अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते ते मोजून वहीत लिहून ठेवावे आणि परत आल्यावर त्याच खुर्चीवर पुन्हा मोजावे. पहिल्या आठवड्यात व्यायामशाळेत ५ ऐवजी ४ किलोचा डंबेल घ्यावा, दुसऱ्या आठवड्यापासून पुन्हा ५.